अनाक्लेतो मास्तरांची विनवणी

शनिवारी सकाळी अनाक्लेतो बार्रिया मास्तरांनी बंद पडलेल्या शाळेतली बाके आपल्या अंगणात आणून मांडली, डुकराच्या मांसाचा मोठा हंडा चुलीवर चढविला, आणि मग ते उंबरठ्यात उभे राहून टेकडीवरून उतरणाऱ्या पायवाटेकडे पाहू लागले. आज त्यांच्या घराची मिंगा होती. एकाचे काम साऱ्या गावाने मिळून करावयाचे, मजुरी कोणी घ्यावयाची नाही, आणि ज्याचे काम त्याने सर्वांस पोटभर जेवू घालावयाचे, अशी ही चिलोए बेटाची जुनी रीत. शेताची मिंगा असते, छपराची असते. परंतु सर्वांत थोर मिंगा ती घर हलविण्याची. लाकडी घर पायावरून उचकटून ओंडक्यांवर घेतात, त्यास बैल जुंपतात आणि घर आहे तसे नव्या जागी ओढून नेतात.

मास्तरांचे घर टेकडीवर, बंद शाळेशेजारी हलविणे निकडीचे झाले होते. समुद्राने किनाऱ्याचा कडा असा काही खाल्ला होता की मागच्या कुंपणाचे खांब नुसत्या तारेला धरून हवेत लोंबत होते. मे महिना सरत आला होता आणि दक्षिण गोलार्धातल्या या बेटावर हिवाळा तोंडावर होता. अमावास्येची थोरली भरती वाऱ्यासह आली तर मागची निजायची खोली प्रथम जाणार, आणि तिच्या पाठोपाठ सारे घर. त्याच खोलीत ओर्फेलिनाबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, तीन हिवाळ्यांपूर्वी प्राण सोडला होता. मूलबाळ नव्हते. घर एवढेच काय ते उरले होते.

तयारीत मास्तरांनी आपल्या समजुतीप्रमाणे काहीही कसूर ठेविली नव्हती. त्यांनी सुवाच्य अक्षरात एक निवेदन लिहून देवळाच्या दारावर लाविले होते, आणि रविवारी प्रार्थना आटोपल्यावर देवळाच्या कारभाऱ्याकडून ते मोठ्याने वाचवूनही घेतले होते. ‘ज्या कोणी आमच्या शाळेच्या बाकावर बसून अक्षरे गिरविली, त्या सर्वांनी शनिवारी प्रातःकाळी बैलांसह उपस्थित राहावे,’ असा त्याचा मजकूर होता. लोकांनी तो निमूटपणे ऐकला. वर्गातील शांतता म्हणजे मुलांस समजले, असेच मास्तर आयुष्यभर धरून चालले होते. त्यांनी हीही शांतता तशीच धरली.

धुके उठले. खाडीतून पलीकडच्या गावची होडी भोंगा वाजवीत गेली. कोणाचा तरी कुत्रा अंगणात आला, बाके हुंगून परत गेला. दुपार झाली, हंड्यातला रस्सा आटून घट्ट झाला, तरी पायवाटेवर माणूस दिसेना.

ओहोटीच्या वेळी मात्र किनाऱ्याकडून एदिताबाई वर आल्या. त्या शेजारीण, ओर्फेलिनाबाईंची जन्माची मैत्रीण. त्यांच्या काखेत शिंपल्यांची टोपली होती.

“मास्तर, एवढा हंडा कुणासाठी?”

“गावासाठी.”

“आणि गाव कुठंय?”

मास्तरांनी पायवाटेकडे पाहिले. मग म्हणाले, “तेच मला कळत नाही. मी सर्वांस कळविले होते. देवळात वाचून दाखविले, तुम्हीही होतात.”

“होते की. प्रार्थना झाली, मग तुमचं ते झालं. लोक म्हणाले, मास्तरांनी काय झकास लिहिलंय! आणि गेले आपापल्या घरी.”

“परंतु त्यात स्पष्ट लिहिले होते…”

“लिहिलं होतंत हो. माझ्या दारात कोण आलं? विनवणी कुठं केलीत?” एदिताबाईंनी टोपली बाकावर आदळली. “तुम्ही काय या बेटावरचे नाही? दारोदार जावं लागतं, हे माझ्या नातवाला कळतं.”

“एदिताबाई, पस्तीस वर्षे मी या गावच्या मुलांना…”

“तुमचं छप्पर घातलं तेव्हा कोण फिरलं होतं, सांगा बघू? ओर्फेलिना! भर पावसात, काखेत पावाची पिशवी घेऊन, एकूण एक घर. तुम्ही वह्या तपासत बसला होतात. आणि इतकी वर्षं तुम्हाला वाटत होतं, लोक तुमच्यासाठी आले. बरं वाटत असेल नाही?”

त्यांनी हंड्यातून वाटीभर मांस घेतले, उभ्या उभ्याच खाल्ले, “मीठ कमी आहे,” असे म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मास्तर बाकावर बसले. विनवणी काय असते हे त्यांस ठाऊक नव्हते असे नव्हे. किंबहुना त्यांचे वडीलही डोक्यावरचा ओला टोप हातात धरून लोकांच्या स्वयंपाकघरांत बसत असत, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. परंतु मागण्याची पाळी ज्याने काही दिलेले नाही त्याच्यावर येते, अशी त्यांची मनोमन समजूत होती. आणि आपण तर विद्या दिली आहे. बायकोच्या पायांनी आपण एवढी वर्षे या गावात चालत होतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आले नव्हते. अमावास्या नऊ दिवसांवर, पुढल्या सोमवारी होती; त्याआधी एकच शनिवार उरला होता.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर दारोदार फिरू लागले. विनवणीची रीत अशी, की आल्याबरोबर काम बोलावयाचे नाही. चुलीशी बसावे, येर्बा पाल्याच्या काढ्याचा तुंबा पुढे आला की नळीने प्यावा, ताटलीत पडेल ते खावे, गुराढोरांचे, पावसाचे, कोणाच्या गुडघ्याचे बोलावे. आणि निघताना, दाराच्या कडीवर हात ठेवून, जे मागावयाचे ते मागावे. म्हणजे नाही म्हणणाऱ्यास समोरासमोर बसून नाही म्हणण्याचा संकोच पडत नाही. मास्तर पहिल्या घरी हजेरी घेतल्याप्रमाणे उभ्यानेच सारे बोलून गेले. घरधनीण नम्रपणे म्हणाली, “बघू, देवाची मर्जी असेल तर.” बेटावर याचा अर्थ ‘नाही’ असाच होतो.

पुढच्या घरी ते बसले, परंतु त्यांना बोलावयास सुचेना. त्यांनी जन्मभर प्रश्न विचारले होते. मात्र ज्याचे उत्तर आपल्या खिशात नाही असा प्रश्न त्यांनी कधी कोणास विचारला नव्हता. त्यांनी तेथील मुलास नद्यांची नावे विचारली. मूल उठून बाहेर गेले. चूल तडतडत राहिली. बऱ्याच दारांत ‘देवाची मर्जी’ मिळाली. आणि काही घरी, धुरांड्यातून धूर निघत असूनही, दार उघडलेच नाही.

फिलिदोरचे घर त्यांनी शेवटास ठेविले होते. गावातील सर्वांत दणकट बैल त्याचे, आणि गावातील सर्वांत तिखट जीभही त्याचीच. शाळेत त्याचा पाढा एकदाही पुरा झाला नव्हता.

“या मास्तर, बसा,” फिलिदोर म्हणाला. “उभं राहायची शिक्षा माझी भोगून झालीय. तुम्ही बसा.”

मास्तर बसले. तुंबा आला, बटाट्याची गरम भाकरी आली. मास्तरांनी ती सावकाश खाल्ली. बाहेर पाऊस पागोळ्यांवरून एकसारखा ओघळत होता.

“तुझ्या तांबड्या बैलाचा खूर कसा आहे?” त्यांनी विचारले. येताना गोठ्यात बैल लंगडताना त्यांस दिसला होता, आणि खरोखरच त्यांस त्याविषयी काही ठाऊक नव्हते.

फिलिदोरने त्यांच्याकडे निरखून पाहिले. मग तो खुराविषयी सांगू लागला. काटा कसा मोडला, पू कसा काढला, बैलाने त्याच्या मेव्हण्याला कशी लाथ घातली. “मेव्हण्यालाच घातली म्हणून बैलाला मी काही बोललो नाही,” असे म्हणून तो हसला. मास्तरही हसले. पुष्कळ दिवसांत ते हसले नव्हते. आपलाच आवाज त्यांस परका वाटला.

निघताना त्यांनी कडीवर हात ठेविला. वाक्य त्यांनी वाटेत दहादा जुळविले होते, ते सारे विस्कटून गेले.

“फिलिदोर, घर… माझ्याने एकट्याने होत नाही.”

फिलिदोर तुंब्यात गरम पाणी ओतीत म्हणाला, “आमचं घर वर ओढलं तेव्हा तुम्ही कुठं होतात मास्तर?”

“शाळेत. मुलांना सुट्टी दिली होती मी.”

“हो. मुलं आली होती. दोराला लोंबकळून ओरडत होती. तुम्ही नव्हतात.”

“मी तुझ्या मुलांना शिकविले, फिलिदोर.”

“शिकवलंत, नाही कुठं म्हणतोय? त्याचा पगार तुम्हाला सरकारनं दिला. आम्ही तुम्हाला काही दिलं नाही, तुम्ही आमच्याकडं काही मागितलं नाहीत. सगळं फिटलेलं. आणि सगळं फिटलेलं असलं, मास्तर, तर माणसानं माणसाकडं यायचं तरी कशाला?”

मास्तरांचा हात कडीवरच राहिला. “याचे उत्तर माझ्याजवळ नाही,” ते म्हणाले.

“हे तुमच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकतोय,” फिलिदोर म्हणाला. आणि या वेळी त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. “मी येतो शनिवारी. बाकीच्यांचं मला विचारू नका.”

शनिवारी फिलिदोर आला. त्याच्या मागून एदिताबाई आपल्या जावयाला आणि त्याच्या बैलांना पुढे घालून आल्या. आणखीही दोघे-तिघे आले, ज्यांच्या घरी मास्तर पुरती ताटली संपेपर्यंत बसू शकले होते तेवढेच. फिलिदोरने घराभोवती फेरी मारली, तुळयांना बुटाने ठोकून पाहिले, मग जुंपायला उभ्या असलेल्या बैलांकडे पाहिले.

“एवढ्या बैलांनी अख्खं घर हलायचं नाही.”

“पुढल्या शनिवारी आणखी काही जण…”

“सोमवारी भरती आहे, मास्तर. घर मधोमध कापू. एक बाजू नेता येईल. बोला, काय नेऊ? स्वयंपाकघर की निजायची खोली?”

मास्तर आत गेले. मागच्या खोलीत ओर्फेलिनाबाईंची खाट होती, खिडकीत त्यांनी विणलेला पडदा होता, आणि भिंतीवर उशीच्या उंचीला, डोके टेकून टेकून उमटलेला काळसर डाग होता. त्या डागावर मास्तरांनी तळहात ठेविला. ही खोली नेली तर उरलेले दिवस तिच्या सोबतीने काढता येतील, असे त्यांच्या मनात आले. परंतु निजायच्या खोलीत दुसरे कोणी येऊन बसत नाही. विनवणीला आलेला माणूस बसतो तो चुलीशी.

ते बाहेर आले. “स्वयंपाकघर,” ते म्हणाले.

दुपारपर्यंत करवत चालली. मग ओंडके घातले, दोर बांधले, फिलिदोरने पराणी उंचावून आरोळी दिली आणि बैलांनी मान खाली घातली. घर कुरकुरले, हलले, पुन्हा अडले. एदिताबाईंनी दोर धरला, मास्तरांनीही धरला.

“मास्तर, ओढा! दोराला खडू धरल्यासारखं काय धरलंय!”

मास्तरांनी ओढले. चिखलात त्यांचा बूट रुतून बसला, तसाच सोडून त्यांनी ओढले. तिसऱ्या प्रहरी स्वयंपाकघर टेकडीवर शाळेशेजारी जाऊन बसले. त्याची एक बाजू मोकळीच होती. तेथे फिलिदोरने शाळेचा मोठा फळा आडवा ठोकला, त्याच्या खालीवर फळ्या मारल्या. सरकारची परवानगी घ्यावी काय, असे कोणी विचारले नाही, आणि मास्तरांनीही ते सुचविले नाही. मग सर्व जेवले. मीठ बरोबर होते. अंधार पडण्यापूर्वी बैल घेऊन जो तो आपल्या वाटेने गेला.

सोमवारी वारा सुटला. त्या गदारोळात मागची खोली केव्हा गेली, याचा आवाजदेखील मास्तरांपर्यंत वेगळा पोहोचला नाही. मंगळवारी सकाळी ते कड्यापर्यंत चालत गेले. खाली फेसात एक खिडकी तरंगत होती. पडदा तिला नव्हता. मास्तर पाणी ओसरेपर्यंत उभे राहिले आणि परत आले.

त्यानंतरचे दिवस फार लांब होते. जून लागला. मास्तर सकाळी चूल पेटवीत, पाणी तापत ठेवीत, दुसरे स्टूल चुलीसमोर मांडीत आणि संध्याकाळी ते पुन्हा भिंतीशी लावीत. फळ्यावर त्यांच्याच अक्षरातली, शाळा बंद झाली त्या दिवशीची तारीख अद्यापि होती. ती पुसावी असे त्यांस रोज वाटे, आणि रोज राहून जाई. एदिताबाई दुसऱ्या मुलीकडे पलीकडच्या गावी गेल्या होत्या. पायवाटेवर पावलांचा आवाज येई तो बहुधा मेंढरांचा असे.

अशा एका पावसाळी सकाळी दार वाजले. फिलिदोर होता. त्याने टोप काढला, पाणी झटकले आणि मांडलेल्या स्टुलावर बसला. मास्तरांनी तुंबा भरला. ताटलीत कालचा पाव आणि थोडा मध घातला.

फिलिदोर खात राहिला. पाऊस लवकर आला म्हणाला; तांबड्याचा खूर भरून आला म्हणाला; मेव्हणा मात्र अजून लंगडतोय म्हणाला. मास्तरांनी काही विचारले नाही. सहज बसावयास आला असेल, असे त्यांनी स्वतःस बजाविले. तुंबा या हातातून त्या हातात फिरत राहिला. शेवटी फिलिदोर उठला, त्याने टोप घातला. मास्तर जागचे हलले नाहीत.

दारापाशी जाऊन फिलिदोरने कडीवर हात ठेविला.

“मास्तर, गुरुवारी डुक्कर कापतोय. भाकरीसाठी बटाटे किसायला माणूस कमी पडतंय. तुमचे हात चालत असतील तर…”

“येतो,” मास्तर म्हणाले.

“बघू, देवाची मर्जी, असलं काही नाही ना?”

“नाही. येतो.”

दार लागले. पावले पायवाटेने उतरत गेली आणि मग नुसता पाऊस राहिला. संध्याकाळी मास्तरांनी चूल सारखी केली, तुंबा धुतला. आणि दुसरे स्टूल, त्याच्यावर ओल्या कोटाचा डाग होता तसेच, चुलीसमोर राहू दिले.