उजव्या बाजूचं पदक

"इकडे नाही, तिकडे," मेजर ऑब्री थर्लबी म्हणाला आणि त्याने बायकोचा हात धरून आपल्या कोटाच्या उजव्या बाजूला नेला.

डॅफ्नीने हात सोडवून घेतला. सकाळपासून त्याची आंघोळ, दाढी आणि टायवर सांडलेली लापशी पुसता पुसता ती मेटाकुटीला आली होती, आणि आता हातात उघड्या पिनेचं पदक घेऊन ती ताटकळत उभी होती. युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा हा नोव्हेंबरातला रविवार थर्लबींच्या घरात नाताळाहून मोठा. थोड्या वेळात चर्चसमोरच्या स्मारकापाशी सगळं गाव जमणार होतं, आणि मेजर अलीकडे जेवलो की नाही हेसुद्धा विसरत होता. चारचौघांत त्याची शोभा होऊ नये, एवढीच तिला धास्ती होती.

"ऑब्री, आपलं पदक डावीकडे," लहान मुलाला समजवावं तसं तिने सांगितलं. "उजवीकडे मेलेल्या माणसाचं लावतात. विधवा लावतात, मुलं लावतात. तू चांगला धडधाकट बसलायस."

"मेलेल्याचंच आहे हे. विल्फचं."

विल्फ ओकली हे नाव तिला माहीत होतं. कोरियातल्या एका टेकडीवर तरुण लेफ्टनंट थर्लबी गोळीबारात पुन्हा पुन्हा बाहेर गेला आणि त्याने जखमी सैनिकांना ओढून आणलं, त्याचंच हे पदक, ही गोष्ट तिने लग्नाआधीच ऐकली होती. खरं तर तिने त्या गोष्टीशीच लग्न केलं होतं. ऑब्री स्वतः ती कधी सांगत नसे. मेजवानीत दुसरे सांगायचे आणि तो आपल्या ग्लासात बघत बसायचा. काय हा विनय, असं बायका म्हणायच्या. विल्फ त्या गोष्टीत अगदी शेवटी यायचा, त्या रात्री मेलेला बिचारा कॉर्पोरल म्हणून.

"काय केलं विल्फने?" तिने विचारलं.

"गेला ना तो. एकाला आणलं. परत गेला, दुसऱ्याला आणलं. मी म्हटलं, आता नको जाऊस." ऑब्री गालिच्याकडे बघत होता. "मी खड्ड्यात होतो, डॅफ. पायच हलेनात माझे. सकाळी कर्नल आला, म्हणाला, शाब्बास थर्लबी. माझ्या अंगावर रक्त होतं ना सगळं. विल्फने आणलेल्यांचं."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"विचारलंच नाही कुणी."

डॅफ्नी पलंगावर टेकली. तो घाबरला याचा तिला राग आला नाही. नुकतं मिसरूड फुटलेलं पोर ते, कुणीही घाबरलं असतं. तिला आपला मुलगा निक आठवला. सैन्यात जाणार नाही असं निकने सांगितलं, त्या रात्री ऑब्रीने हेच पदक त्याच्या ताटाशेजारी ठेवलं होतं आणि या घरात भित्र्यांना जागा नाही असं सुनावलं होतं. निक न्यूझीलंडला गेला तो गेलाच. नातवंडांना तिने फोटोतच मोठं होताना पाहिलं. त्या रात्री ती एक अक्षर बोलली नाही, कारण ज्याने पदक मिळवलंय त्याला असं बोलायचा हक्क आहे, असंच ती धरून चालली होती. या माणसापायी तिने पोटचा पोर गमावला होता.

"पोटच्या पोराला भित्रा म्हणालास तू," ती म्हणाली. "निकला. आठवतंय?"

"कुणाला?"

त्याने खरंच आठवून पाहिलं. त्याला विल्फ आठवत होता, निक नाही.

ती उठली आणि तिने पदक उजवीकडे लावलं. कीव आली म्हणून की सूड म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पांढऱ्या-जांभळ्या फितीकडे ऑब्रीने मान वाकवून पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी तो हसला. चर्चपर्यंतचा चढ तो ताठ मानेने चढला.

स्मारकापाशी बायकांचे डोळे आधी त्याच्या छातीवर गेले, मग तिच्यावर. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याच्या बायकोला डावं-उजवं कळू नये, हे त्या नजरांत स्पष्ट होतं. माजी सैनिक संघटनेचा सचिव डेरेक मॉसप लगबगीने आला आणि हळूच म्हणाला, "मिसेस थर्लबी, गडबडीत चुकीच्या बाजूला लागलं वाटतं. होतं असं."

"चुकलेलं नाही, डेरेक. ते त्याचं नाहीये."

डेरेकने तिच्याकडे पाहिलं आणि तिचा हात थोपटला. "दमलायत तुम्ही. या आजारात घरच्यांचेच हाल होतात."

मग सराईतपणे त्याने पदक काढलं आणि डाव्या बाजूला लावलं. ऑब्रीने त्याचं मनगट धरलं. "विल्फचं आहे ते," तो म्हणाला.

"हो, मेजर," बहिऱ्याशी बोलावं तशा आवाजात डेरेक म्हणाला. "तुमच्या सगळ्या माणसांचंच आहे ते."

जवळच्या दोन-तीन बायकांनी डोळे टिपले. अशा अवस्थेतही श्रेय आपल्या माणसांना देतो, असं कुणीतरी कुजबुजलं. बिगुल वाजला आणि श्रद्धांजलीच्या मौनासाठी सगळं गाव गप्प झालं. त्या शांततेत तिने नुसता आवाज काढला असता तरी तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला असता. ओरडावं असं तिला फार वाटलं. पण ती बाकीच्यांसारखीच मान खाली घालून उभी राहिली.

घरी आल्यावर ऑब्री खिडकीशी बसला. "विल्फ आला का परत?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

कोट टांगताना तिला उजव्या बाजूला पिनेची बारीक भोकं दिसली. इतक्या वर्षांच्या सवयीने तिने बोट ओलं केलं आणि धागे जागेवर सरकून भोकं बुजेपर्यंत ती ते कापड चोळत राहिली.