सासूबाई बसल्या की बॅटरी चार्ज

मियागावच्या बाजारातल्या आमच्या स्टँडवर क्रिसांतोच्या ट्रायसिकलला सगळ्यात जास्त दिवे. मोटरसायकलच्या साइडकारला त्याने पुढूनमागून रंगीत माळा लावल्या होत्या, आणि भोंगा असा की चर्चमधले फादर प्रवचन थांबवायचे. पण ईस्टर झाला आणि त्याची बॅटरी रोज बसायला लागली. दुपारी दिवे मिणमिणायचे, संध्याकाळी भोंग्याचा घसा बसायचा. नवी बॅटरी घातली, तीही बसली.

मेकॅनिक अंब्रोसने कॉइल पाहिली, फ्यूज पाहिला. "इंजिन वीज बनवतंय," तो म्हणाला. "पण गाडी चालू असताना मीटर चौदा व्होल्टवर जायला हवा, तो बारावरून हलत नाही. बॅटरीला काही पोचतच नाहीये."

तेवढ्यात क्रिसांतोच्या सासूबाई, नानाय सालुद, बाजार उरकून आल्या. "रिपेरी मागाहून करा, माझे मासे नासतील," म्हणत साइडकारमध्ये बसल्या सुद्धा. सासूबाईंपुढे क्रिसांतोचं काय चालणार? अंब्रोस मीटर हातात धरून त्याच्या मागे बसला.

चर्चच्या वळणावर काटा सरकन चौदावर गेला. घरी नानाय उतरल्यावर तो पुन्हा बारावर!

"वजनाचा खेळ आहे," अंब्रोस म्हणाला. नानायच्या जागी तांदळाची पोती ठेवून फेरी मारली. बारा. मग मला बसवलं, मी तर नानायपेक्षा जाड. तरी बारा.

"क्रिसांतो, तुझ्या सासूतच करंट आहे रे," मी म्हणालो.

त्याने हात जोडले. "आई, रोज गाडीत बसाल का? नुसतं बसायचं."

"मी काय डायनामो आहे, जावईबापू?" पण पाठीला उशी आणि तिसऱ्या प्रहरी बाचोयचा, म्हणजे शेवयांच्या गरम सूपचा, वाडगा एवढं कबूल करून घेऊन त्या बसायला लागल्या. शेजारी बसेल त्याला लग्नाचं विचारायच्या. शाळेच्या एक बिनलग्नाच्या बाई शेवटी चालत जाऊ लागल्या. बॅटरी मात्र टुणटुणीत झाली.

पुढे त्यांना सवय झाली आणि गाडीत डुलकी लागायला लागली. काटा बारावर! क्रिसांतोने मुद्दाम खड्ड्यात चाक घातलं. "अरे मेल्या, मारतोस का?" सासूबाई किंचाळल्या, आणि दिवे लख्ख. झालं, त्याला गुपित सापडलं. अंधारायला लागलं की तो समोरच्या बसगाडीला घासून गाडी काढायचा, वळणावर हात सोडायचा. लांबून आधी किंकाळी ऐकू यायची, मग झगमगाट दिसायचा.

ते पाहून अंब्रोसने एकदा गाडी थांबवली. "नानाय, घाबरलात की नक्की काय करता हो?"

"काय करणार? पाय असे रोवते आणि पाठ अशी दाबते." त्यांनी करून दाखवलं. पाठीमागे खट्ट झालं.

अंब्रोसने पाठीची फळी काढली. इंजिनातली वीज बॅटरीजोगती करून देणारा रेक्टिफायर क्रिसांतोने तिथे ईस्टरला दिलेल्या ताज्या रंगावरच ठोकला होता. रंगामुळे त्याला अर्थिंगच नव्हतं. फळी दाबली की त्याचा कोपरा उघड्या लोखंडाला टेकायचा.

"तांदळाला भीती वाटत नाही," अंब्रोस माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "आणि हा रुफो तर आत घोरत होता." त्याने रंग खरवडला, एक वायर टाकली. काम फत्ते.

नानाय जरा हिरमुसून घरी गेल्या. पण वायरीवर गावाचा विश्वास कुठला बसायला? माझ्या ट्रायसिकलचीही बॅटरी बसलेलीच होती. दुसऱ्या दिवशी अननस घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो. त्या पावडर लावून, ठेवणीतला झगा घालून आल्या. पुलापर्यंत गेलो नि परत आलो. काटा ढिम्म हलला नाही.

"दोष तुझा आहे, रुफो," त्या रागावल्या. "इतकी संथ हाकतोस की जांभई येते मला. काय चार्ज होणार कपाळ?"

"मग जोरात घेऊ?"

"घे की!"

त्यांनी पाय रोवले. मी मूठ पूर्ण पिळून गाडी सोडली, बाजारातून कोंबड्या उडवत गेलो. नानाय मनापासून किंचाळल्या. काटा बारावरच.

माझी कॉइल जळाली होती. अंब्रोसने ती बदलली. अननस नानायनी एकट्यानेच खाल्ला.