नळीतलं आभाळ

मी एक बंदूक आहे. एकनळी, म्हातारी. घाबरून मागं सरू नका, या घडीला माझ्या पोटात काही नाही. स्वयंपाकघराच्या दारावर दोन खुंट्यांवर आडवी पडलेय. खाली चुलीवर घेवड्याचं पातेलं रटरटतंय आणि त्याची ऊब मला वरपर्यंत लागतेय. माझ्या वयाच्या बंदुकीला आणखी काय हवं?

जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्यासारख्या कितीतरी जणी तिथं रोज जन्माला यायच्या, त्यामुळे कुणाला कौतुक नव्हतं. नशीब उघडलं ते अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात, या घळीत आल्यावर. अर्विलच्या वडिलांनी रानातून जिन्सेंगची औषधी मुळं खणली, वाळवली, विकली आणि मला घरी आणलं. आल्या आल्या त्यांनी माझ्या दस्त्यावर सुरीनं एक खार कोरली. ती खार आहे की घूस, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.

त्यांच्यामागं मी अर्विलकडे आले. अर्विल म्हणजे सावकाश माणूस. बोलणं सावकाश, चालणं सावकाश, आणि माझ्यात काडतूस घालणं तर त्याहून सावकाश. रानात पोचला की कळ दाबून मला मधोमध वाकवायचा, नळी डोळ्याला लावायचा आणि तिच्यातून आभाळ बघायचा. आभाळाचा वाटोळा तुकडा दिसला की म्हणायचा, "दिसलं." मगच काडतूस.

त्याची बायको ऑर्फा शेजारी थंडीनं पाय आपटत उभी असायची. तिचं ठरलेलं वाक्य होतं, "अर्विल, आभाळ काय पळून जातंय? तुझं बघून होईतो खारींचं जेवण आटोपेल!"

ऑर्फा नुसती गंमत बघायला यायची नाही. माणसाची चाहूल लागली की खार खोडाच्या पलीकडच्या अंगाला चिकटते. मग एकानं खाली दबा धरून बसायचं आणि दुसऱ्यानं पाचोळा तुडवत झाडाला वळसा घालायचा. खार त्याला टाळायला इकडं सरकते. हा वळसा ऑर्फाचा. खरं तर लग्नाआधी तिचा नेम सगळ्या घळीत नावाजलेला होता. पण अर्विलला चालायचा कंटाळा, म्हणून ती चालायची. पहिलं हिव पडलं की एका सकाळी दोघं जायची, आणि न्याहारीला खारीचा दाट रस्सा आणि ताकात भिजवलेल्या पिठाचे गरम पाव व्हायचे.

माझं एक व्यंग आता सांगून टाकते. उतारवयात, काडतुसावर आदळणाऱ्या माझ्या घोड्याची स्प्रिंग ढिली झाली. पहिल्यांदा चाप ओढला की बऱ्याचदा नुसता 'खट्' आवाज यायचा. दुसऱ्यांदा मात्र हमखास बार उडायचा. घळीतले लोक हसायचे. "अर्विलची बंदूक आधी विचार करते, मग बोलते!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अर्विल ऑर्फाकडे बघत म्हणायचा, "घरात एक तरी आहे ना विचार करून बोलणारी!" आणि ऑर्फा त्याच्यावर पळी उगारायची. स्प्रिंग बदलायचं दोघांनीही कधी मनावर घेतलं नाही.

गेल्या हिवाळ्यात अर्विल गेला. झोपेत, तेही सावकाशच.

माणसं पांगल्यावर ऑर्फानं मला खुंटीवरून काढलं. "तुझ्याकडं बघवत नाही गं मला," म्हणाली आणि मागच्या उघड्या पडवीत कोपऱ्यात उभं करून आली. मला राग नाही आला. माझंही तेच झालं होतं.

उन्हाळ्यात त्या पडवीत एक कुंभारीण माशी आली. काळी, बारीक कमरेची, सदा घाईत. ओढ्यावरून चिखलाच्या गोळ्या आणायची आणि भिंतीवर घरटं बांधायची. मग तिची नजर माझ्या नळीवर पडली. आयतं घर! तिनं आत चिखल लिंपला, कोळी मारून भरले, अंडी घातली, तोंड बंद केलं आणि निघून गेली. सुरुवातीला मला बरं वाटलं, चला, कुणी तरी बिऱ्हाडाला आलं. पिल्लं उडून गेली, पण चिखल वाळून दगड झाला. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. बुजलेल्या नळीतून बार काढला तर छर्ऱ्यांना वाट मिळत नाही, आणि नळी फुटते. धरणाऱ्याच्या हातात फुटते.

हे सांगणार कुणाला? माझ्या तर तोंडातच माती.

ऑक्टोबरात पहिलं हिव पडलं आणि भल्या पहाटे डेन्झिल दारात हजर. हा अर्विलचा धाकटा भाऊ, ओढ्यापलीकडे एकटा राहतो. साठी उलटली तरी वहिनीच्या हातच्या पावांसाठी लहान पोरासारखा ताटकळतो.

"वहिनी, चल. हिकरीच्या झाडाखाली नुसता टरफलांचा सडा पडलाय."

"मला नाही यायचं. तू जा."

"एकटा कसा जाऊ? खारीला वळवणार कोण?"

"मग तूच वळव," ऑर्फा एकदम म्हणाली. "मी बसते बंदूक घेऊन."

डेन्झिलनं स्वतःकडे बोट केलं. "मी? अगं, चाळीस वर्षं मी घळीत मान ताठ ठेवून वावरलोय. आता पाचोळा तुडवत फिरू?"

"न्याहारी हवीय ना?"

तो मुकाट्यानं टोपी घालून आला.

ऑर्फानं मला पडवीतून उचललं. हिकरीखाली पोचल्यावर तिनं मला वाकवलं आणि क्षणभर थांबली. मी मनात म्हटलं, बघ गं बाई, एकदा बघ. पण तिनं ओठ घट्ट मिटले, मान दुसरीकडे फिरवली आणि न बघताच काडतूस सारलं. तसं बघितलं असतं तर अर्विल शेजारी उभा राहिला असता. ते तिला झेपणार नव्हतं. मला कळत होतं, आणि माझा जीव जात होता.

उजाडलं. पिवळ्या पानांतून ऊन झिरपायला लागलं. वर कुठं तरी दातांची करकर सुरू झाली आणि टरफलांचे तुकडे टपटप पडू लागले. डेन्झिल पलीकडून निघाला. चालला कसला, गवा घुसावा तसा घुसला. एक करडी, झुबकेदार शेपटीची खार खोडाला वळसा घालून आमच्या बाजूला आली आणि फांदीच्या बेचक्यात थबकली.

ऑर्फानं मला उचललं. डावा हात नळीखाली, गाल दस्त्याला टेकलेला. त्या गालाची ऊब मला लागत होती. तिनं घोडा चढवला आणि चाप ओढला.

खट्.

मी मुद्दाम केलं असं म्हणायला मला आवडेल, पण खोटं कशाला बोलू? स्प्रिंगच ढिली ती.

"पुन्हा ओढ!" पलीकडून डेन्झिल ओरडला. "दुसऱ्यांदा उडते ती! ओढ लवकर, अजून बसलीय!"

आणि ऑर्फाचा अंगठा पुन्हा घोड्यावर आला. इतकी घाबरले मी, की आयुष्यात तशी कधी घाबरले नव्हते. मी हिची पाव भाजणारी बोटं ओळखते, तिच्या मनगटावरचा चटका ओळखते. देवा, माझ्या हातून नको.

अंगठा तिथंच थांबला. ऑर्फानं मला खाली मांडीवर घेतलं.

"काय झालं?" डेन्झिल धापा टाकत आला. "गेली ना ती!"

"जाऊ दे. खट् झाल्यावर तो काय करायचा, आठवतं?"

डेन्झिलनं टोपी मागं सारली.

"पुन्हा उघडायचा. पुन्हा आभाळ बघायचा. तोवर खार गावाला जाऊन यायची. किती चिडायची मी!" बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. पण तिनं मला उघडलं, काडतूस काढलं आणि नळी डोळ्याला लावली.

"काही दिसत नाही मेलं," ती म्हणाली. "डोळ्यांत पाणी आलंय माझ्या. तू बघ."

डेन्झिलनं बघितलं. डोळा चोळून परत बघितलं. मग एक बारीक काठी तोडली आणि मागून आत सारली. दाबल्यावर वाळल्या चिखलाचा लांबलचक गोळा पाचोळ्यावर पडला. फुटला, तर आत कोळ्यांचे वाळके पाय.

डेन्झिल उकिडवा बसून ते तुकडे उचलू लागला. "मी तुला पुन्हा ओढ म्हणालो," तो पुटपुटला. "वहिनी, मी तुला..."

ऑर्फानं त्यातला एक तुकडा हातात घेतला. मग हसू लागली. हसता हसता रडू लागली, आणि रडता रडता तिनं डेन्झिलची टोपी त्याच्या कानांपर्यंत खाली ओढली. "ऊठ. मेल्यावरसुद्धा वेळ घालवतो माझा, बघितलंस?"

कोटाच्या अस्तराची चिंधी फाडून त्यांनी माझी नळी स्वच्छ पुसली. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! ऑर्फानं पुन्हा नळी डोळ्याला लावली. हिकरीच्या शेंड्यांवरचा निळा, वाटोळा तुकडा.

"दिसलं," ती म्हणाली.

दुसरी खार मिळेतो त्या दिवशी न्याहारीला दुपार झाली, पण रस्सा झाला. डेन्झिलनं सात पाव खाल्ले, आणि जीव थाऱ्यावर आल्यावर म्हणाला, "हिची स्प्रिंग बदलून आणतो मी."

"हात तर लावून बघ," ऑर्फा म्हणाली.

तेव्हापासून मी परत माझ्या खुंटीवर आहे. तुमच्याकडे एकच मागणं. घरातलं माणूस गेलं की त्याचे कपडे वाटा, बूट वाटा, खुशाल वाटा. पण ज्या सवयीवरून त्याला आयुष्यभर टोमणे मारलेत, ती एखादी तेवढी घरात राहू द्या.

आता हंगाम संपलाय, काडतुसं डब्यात आहेत. तरी ऑर्फा रोज सकाळी मला खाली काढते, वाकवते आणि खिडकीतून आभाळ बघते. आज बर्फ पडेलसं दिसतंय. तिनं नळी डोळ्याला लावली.

"करडं आहे रे आज," ती म्हणाली. "पण आहे."