दातांनी धरलेलं आसन

मामांच्या योगवर्गात एक नियम होता. आसन स्थिर झालं की आतल्या खोलीत प्राणायाम, तोवर बाहेरच्या जाजमावर. भाची अजून बाहेरच होती. तिच्या कितीतरी मागून आलेला मामांचा मुलगा, ज्याला घरात सगळे लोळ्या म्हणत, तोसुद्धा आत गेला, हे तिच्या फार जिव्हारी लागलं होतं.

प्रयोगशाळेतले नाजूक तराजू तपासणं हे तिचं काम. आकडा हलला की कारण शोधायचं, ते दूर करायचं. शरीराशीही ती तशीच वागली. कंबर ढळते म्हणून भिंतीला पाठ लावून बसली, मांड्या आखडतात म्हणून त्या ताणत राहिली. आता पद्मासनात दोन्ही गुडघे जमिनीला टेकत, कणा ताठ राही. तरी मामा समोरून जाताना म्हणत, "अजून नाही."

का, ते सांगत नसत. तिचं डोकं फिरायचं.

आज ती जाजमावर पद्मासन घालून बसली आणि मामा जवळ येताच म्हणाली, "मामा, आज कारण सांगा. माझं काय हलतंय?"

"काहीच नाही."

"मग घ्या ना आत."

मामा तिच्यासमोर मांडी घालून बसले. "दात सोड."

"काय?"

"दातांवर दात दाबून बसलीयस. ते सोड."

तिला दातांच्या डॉक्टरीणबाई आठवल्या. दाढा झिजल्यात म्हणाल्या होत्या. दिवसभर कुणावर दातओठ खाता, असं हसत विचारलंही होतं. हिने सगळं खापर कामावरच्या साहेबांवर फोडलं होतं.

तिने जबडा सैल सोडला. आधी उजवी मांडी थरथरली. मग गुडघा जमिनीपासून सुटला. कणा खचला आणि इतके महिने गुपचूप राहिलेली कंबर ठणकायला लागली. ती घाबरून पुन्हा दात आवळणार, तोच मामा म्हणाले, "अंहं."

"पण सगळंच पडतंय."

"हो. आता कुठे खरं दिसतंय."

"म्हणजे इतके दिवस वाया गेले?"

"दात मजबूत झाले असतील," आतून लोळ्या म्हणाला.

"तू श्वासाकडे बघ," मामांनी त्याला दटावलं आणि तिच्याकडे वळले. "उद्यापासून साधी मांडी. पद्मासन नंतर."

साधी मांडी. पहिल्या दिवशी येणाऱ्यांना देतात ती. चूक सापडली की तिला बरं वाटायचं, हा तिचा कामावरचा अनुभव. इथे चूक सापडली होती आणि रडू येत होतं.

ती दाराशी येऊन चपला घालू लागली. आतल्या खोलीतून सगळ्यांचा एकत्र, संथ श्वास ऐकू येत होता. त्यात लोळ्याचाही होता. ती ऐकत उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं, की दात पुन्हा गच्च मिटलेत.

निदान ते तरी अगदी स्थिर होते.