सतरा तारखेचा हिरवा डाग

आमच्या शाळेच्या फाटकाशी एक फळा आहे. त्यावर रोज सकाळी ‘आजचा दिवस’ लिहिला जातो. दहा मार्चला टेलिफोनवरून पहिलं वाक्य बोललं गेलं, सतरा डिसेंबरला पहिलं विमान बारा सेकंद हवेत राहिलं, वीस जुलैला माणूस चंद्रावर उतरला, असं. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने किल्ल्या, हजेरीपट, छडी सगळं परत घेतलं, हा फळा मात्र माझ्याकडे राहू दिला. सहावीची मुलं आळीपाळीने एकेक आठवडा लिहितात आणि मी बाजूला स्टुलावर बसते.

नियम दोनच. तारखेला दोन वेगळ्या ठिकाणचे पुरावे हवेत. ‘सगळे म्हणतात’ हा पुरावा नाही. आणि चूक सापडली तर ती गुपचूप पुसायची नाही, लाल खडूने सगळ्यांना दिसेल अशी दुरुस्ती लिहायची. मुलांना दुरुस्त्या फार आवडतात. त्यातही माझ्या.

जानेवारीच्या त्या आठवड्यात पाळी होती प्रश्नपेटीची. हे नाव तिला वर्गाने दिलं होतं, आणि तिने त्यालाही ‘पेटी का? पिशवी का नाही?’ असं विचारून घेतलं होतं. तो आठवडा तिच्या घरचाच होता म्हणा ना. वीस तारखेला गावच्या नदीवरच्या पुलाला नव्वद वर्षं पूर्ण होणार होती आणि तिची पणजीही नव्वदीची होणार होती. साऱ्या गावाला ती पूलआजी म्हणून ठाऊक. दर वीस जानेवारीला पुलाच्या मध्यावर खुर्ची मांडायची, पूलआजीने तिच्यात बसायचं आणि पूल खुला झाला त्या दिवशी आईच्या पोटातून आपण तो सर्वांत आधी कसा पार केला, पलीकडे सुईणीच्या घरी कशा जन्मलो, ते सांगायचं, हे ठरलेलं. यंदा नगरपालिका तिथे दगडी पाटीही बसवणार होती. पाटीवर पूलआजीचं नाव कोरायचं होतं, पहिली प्रवासी म्हणून.

सोमवारी दुपारी प्रश्नपेटी माझ्या घरी आली ती रडवेल्या तोंडाने. नियमाप्रमाणे ती दोन पुरावे गोळा करत होती. पहिला लगेच सापडला: वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रात, वीस तारखेला फीत कापल्याची बातमी, फोटोसकट. दुसरा म्हणून तिने नगरपालिकेतून पणजीच्या जन्मनोंदीची नक्कल आणली. तीत तारीख होती सतरा जानेवारी.

“पणजी तीन दिवस आधी जन्मली, बाई. मग पूल खुला झाला त्या दिवशी ती पोटात कशी असेल?”

घरी तिने हे वडिलांना सांगून पाहिलं होतं. त्यांनी कागदाची घडी घालून तिच्याच दप्तरात ठेवली आणि तीन दिवसांनी कोणाचं काय अडतंय, म्हातारीचा आनंद घालवू नकोस, असं समजावलं. पण ज्यांनी नक्कल दिली ते दप्तरवाले काका ऐकणाऱ्यातले नव्हते. ते नगरपालिकेच्या जुन्या कागदांची खोली सांभाळतात. तारीख जुळत नसेल तर पाटीवर ती ओळ जाणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. पाथरवट गुरुवारी सकाळी अक्षरं कोरायला घेणार होता.

तेवढ्यात तिने दप्तरातून तिसरा कागद काढला. फळ्यावर लिहिलेलं आम्ही एका वहीत उतरवून ठेवतो, तिचं एक जुनं पान होतं ते. ‘वीस जानेवारी. पूल खुला झाला. त्याच दिवशी पूलआजींचा जन्म.’ खाली माझी सही. पुराव्याच्या जागी काहीच नव्हतं.

“तुमचे दोन पुरावे कुठे आहेत, बाई?”

नव्हते. सगळे म्हणत होते म्हणून मी लिहिलं होतं, एकदा नाही, दरवर्षी. तीस वर्षं मुलांचे कान पिळले आणि स्वतः मात्र वीस तारखेला नियमाला सुट्टी दिली. हे मी तिला सांगून टाकलं. तिला जरा बरं वाटलं. मुलांचं असं असतं, मोठ्यांची चूक सापडली की निम्मं दुःख हलकं होतं.

मग मी तिला म्हटलं की कागद खोटं बोलत नसला तरी सगळं सांगतो असंही नाही. अजून विचारायचं एक माणूस राहिलं होतं.

मंगळवारी आम्ही दोघी पूलआजीकडे गेलो. ती खिडकीपाशी बसून शेंगा सोलत होती. आमची तोंडं पाहून तिने आधी मलाच धारेवर धरलं. “बाई, तुमच्या शाळेत हसायला फी पडते का हो?”

प्रश्नपेटीने एका दमात सगळं सांगितलं आणि मान खाली घातली. पूलआजीचा हात थांबला. शेंगेतला दाणा तिने तोंडात टाकला, सावकाश चावला.

“मला गं काय ठाऊक? मी तर पोटात होते. आई सांगायची तेच मी सांगते.”

“आई खोटं सांगत असेल?”

“शेजारीण सोडून कुणाशीही खोटं बोलायची नाही ती.”

ती हसली खरी, पण पाटीचं मी सांगितलं तेव्हा तिचं हसू मावळलं. तिने मला जवळ बोलावून हळूच विचारलं, की मग इतकी वर्षं लोक एका थापाड्या बाईचं ऐकायला उन्हात उभे राहिले का? मी तिच्या हातातल्या शेंगा घेऊन सोलायला लागले.

प्रश्नपेटीचं लक्ष भलतीकडेच होतं. भिंतीच्या खुंटीवर पणजीच्या आईची जुनी शाल टांगलेली होती. दरवर्षी गोष्ट सांगताना पूलआजी ती सोबत नेते आणि तिच्या काठावरचा वीतभर हिरवा डाग सगळ्यांना दाखवते: ‘आईने कठड्याला धरलं, तो हा पुलाचा रंग.’ मी तो डाग तीस वेळा पाहिला असेल. त्या मुलीने शाल उतरवली, डागावरून बोट फिरवलं आणि पेटी उघडली.

“बाई, फीत कापायच्या दिवशी कठड्याचा रंग ओला असेल? फोटोत तर सगळे साहेब कठड्याला टेकून उभे आहेत. पांढऱ्या कपड्यांत.”

मी चष्मा पुसला, पुन्हा लावला. पूलआजी म्हणाली, “बघा की. तुम्हाला सुचलं का हे?”

नाही सुचलं, मी कबूल केलं.

रंग कधी दिला ते पूल बांधणाऱ्यांनाच ठाऊक असणार. म्हणून बुधवारी शाळा सुटल्यावर आम्ही दप्तरवाल्या काकांच्या खोलीत शिरलो. हे काका माझेच विद्यार्थी. तिसरीत रोज पेन्सिल हरवायचे, आणि आता साऱ्या गावाचे कागद त्यांच्या ताब्यात आहेत. नाकाला रुमाल बांधून ते शिडीवर चढले. पुलाच्या गठ्ठ्यात नकाशे निघाले, पत्रं निघाली, रोजच्या कामाची नोंद मात्र नव्हती. काका म्हणाले, नसेल. प्रश्नपेटीने विचारलं, दुसऱ्या गठ्ठ्यात चुकून गेली असेल तर? काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना फक्त पेन्सिलींची आठवण करून दिली. ते निमूटपणे पुन्हा शिडी चढले.

पाच वाजता पाणीपुरवठ्याच्या गठ्ठ्यात मुकादमाची रोजवही सापडली. लांबट, कापडी पुठ्ठ्याची. एका दिवसाला एक पान: हवा कशी, कामावर कोण कोण, काम काय झालं, आणि शेवटी शेरा. सतरा जानेवारीचं पान काकांनीच वाचलं, कारण आमच्या दोघींच्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचत होती.

“कठड्यास हिरव्या रंगाचा पहिला हात दिला. मधली चार पावलांची फट भरणे बाकी. होडीवाला आजारी, सबब एका अडलेल्या बाईस फळ्या टाकून हातगाडीवरून पलीकडे नेले. सर्व माणसे गाडीपुढे दोर धरून होती. एके ठिकाणी रंग पुसला गेला, पुन्हा दिला. अर्धा तास काम बंद. बाई सुखरूप, मुलगी झाली.”

काकांनी तोंडावरचा रुमाल काढून डोळ्यांना लावला. धूळ फार होती, हेही खरं. मग ते पाथरवटाला निरोप द्यायला उठले, तर प्रश्नपेटीने त्यांना थांबवलं. ती पानावरची नावं मोजत होती.

“पण गाडी ओढणारे पुढे होते ना? मग आधी ते पार झाले. पणजीच्या आधी दहा जण आणि मुकादम.”

आता ही गोष्ट पूलआजीला कोण सांगणार, असं काकांनी मला खुणेनेच विचारलं. मी प्रश्नपेटीकडे बोट दाखवलं. ज्याने शोधलं त्याने सांगायचं, हाही तसा आमचा नियमच.

गुरुवार म्हणजे सतरा तारीख. सकाळी पूलआजी काठी टेकत, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून शाळेच्या फाटकाशी आली. नातू म्हणजे प्रश्नपेटीचे वडील. ते माझी नजर चुकवत होते. फळ्यावर त्यांच्या लेकीने सुबक अक्षरांत लिहिलं होतं: ‘आजच्या दिवशी नव्वद वर्षांपूर्वी आपला पूल पहिल्यांदा पार केला गेला. दहा कामगार, एक मुकादम, एक आई आणि तिच्या पोटातली पूलआजी. पुरावा एक, मुकादमाची रोजवही. पुरावा दोन, शाल.’ त्याखाली लाल खडूने माझी ओळ होती, की गेली तीस वर्षं बाईंनी चुकीची तारीख लिहिली. तिच्याभोवती मुलांची एवढी गर्दी झाली होती की घंटा दोनदा द्यावी लागली.

पूलआजीने सगळं वाचून घेतलं. मग तिने बोटांवर माणसं मोजली.

“म्हणजे मी बारावी की तेरावी?”

“आई बारावी, तू तेरावी,” प्रश्नपेटी घाबरत म्हणाली. “राग आला?”

“राग कसला? एवढी वर्षं पुलावर एकटीच बसत होते. त्या बिचाऱ्यांना कुणी खुर्ची विचारली नाही.” मग ती मागे येऊन उभ्या राहिलेल्या दप्तरवाल्या काकांकडे वळली. “पाटीवर त्यांची नावं आधी घाला. माझं मावलं तर बघा.”

मावलं. पाथरवटाने अक्षरं थोडी बारीक केली.

वीस तारखेला पुलाच्या मध्यावर एकाऐवजी तेरा खुर्च्या मांडल्या होत्या. नगराध्यक्षांनी भाषणात सांगून टाकलं की फीत कापणारे साहेब चौदावे. बारा खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या असं ठरलं होतं, पण सहावीच्या वर्गाला रिकामी खुर्ची बघवत नाही. पूलआजीने गोष्ट सुरू केली तेव्हा एकेक खुर्चीवर दोन-दोन मुलं होती, आणि मुकादमाच्या खुर्चीवर, मांडीवर वही उघडून, पुढचा प्रश्न तयार ठेवून, प्रश्नपेटी बसली होती.