सात नंबरची खोटी आई

मी एक जुनी हातबाहुली आहे. मनगटावर चढवायची गिधाडाची मान, तिच्यावर गिधाडाचे डोके, डोक्यात काचेचे दोन डोळे. प्राणिसंग्रहालयातल्या औषधांच्या कपाटात, सर्वांत खालच्या खणात मी पडून असते. मित्रांनो, आम्हा वस्तूंनी आपली कहाणी गोडगोड सांगावी अशी तुमची अपेक्षा असेल. मला ते जमणार नाही. मी एका म्हाताऱ्या गिधाड मादीवर जळते आणि ते लपवायचे मला काही कारण दिसत नाही.

माझा जन्म फाटक्या पर्समधून झाला. पर्स इथल्या डॉक्टरीणबाईंची. बंद तुटला तेव्हा त्यांनी ती फेकली नाही, उसवली, आणि चार दिवस खपून तिच्या कातड्यातून मला शिवले. चोच लाकडाची बसवली. पक्ष्यांच्या रखवालदाराला इथे सगळे मामा म्हणतात. त्याने मला हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, "बाई, ही तर हुबेहूब माझी सासू!" माझे झालेले हे पहिले कौतुक.

गिधाडे आता फार थोडी उरली आहेत. मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात गेलेल्या औषधाने ती पटापट मेली, आणि दिसायला कुरूप म्हणून त्यांच्यासाठी कोणी फारसे रडलेही नाही. मादी वर्षाला एकच अंडे घालते. ते लवकर उचलून उबवणीच्या यंत्रात ठेवले, तर ती बहुधा दुसरे घालते. दुसरे पिल्लू तिचे. पहिले माझे.

पिल्लाला भरवताना माणूस दिसता कामा नये. माणसांनाच आईबाप समजून बसलेले गिधाड मोकळे सोडले तरी माणसांच्या मागे जाते, आणि माणसे त्याला काय देतात? दगड. म्हणून भिंतीला भोक, भोकाला काळा पडदा, पडद्यातून मी आणि माझ्यात मामाचा हात. एरवी मामाचे तोंड घटकाभर बंद राहत नाही, पण तिथे तो मुक्यासारखा बसायचा. शिंक आली तर मोकळ्या हाताने नाक दाबून धरायचा. किती ग्रॅम खाल्ले, किती वाढले, हे डॉक्टरीणबाई लिहीत आणि दूरदूरच्या प्राणिसंग्रहालयांना कळवत, म्हणजे तिकडची पिल्लेही जगावीत.

सहा पिल्ले मी भरवली. सहाही मोठी होऊन निघून गेली. मला काही वाटले नाही. सातवीने घोळ केला. वहीत तिचे नाव नुसते 'सात नंबर'. खिमा खाऊन झाला की ती माझ्या मानेवर मान टाकून झोपायची. मामाच्या हाताला मुंग्या यायच्या, तरी तो हात काढायचा नाही. आणि मला वाटू लागले, ही माझी आहे.

चौथ्या महिन्यात तिला मोठ्या पिंजऱ्यात सोडले. तिथे तीन थोराड गिधाडे होती आणि त्यांची पुढारीण ती म्हातारी. पंख झिजलेले, एक नख तुटलेले. पण तिला कोणी शिवले नव्हते, तिच्या डोळ्यांत काच नव्हती. सात नंबर आता हिच्याकडून शिकणार, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, तरीही. थंडी पडायच्या आत सात नंबर कळपात मिसळून खायला शिकली, तर तिला आभाळात सोडायचे होते. नाही शिकली, तर जन्मभर जाळीआड.

त्याच दिवशी मामाने मला धुतले आणि चिमटा लावून दोरीवर वाळत घातले. दोरी पिंजऱ्यासमोर होती. माणूस दिसू नये, हा नियम त्याने पाळला. मी दिसू नये, हे त्याच्या डोक्यातच आले नाही.

सात नंबर जाळीला येऊन बसली. माझ्यासमोर. मागे बाकीची मांसावर तुटून पडत होती, म्हातारी घशातून खरखरत होती. पण पोरगी हलेना. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. बस म्हणावे म्हातारीला बोंबलत!

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाई तणतणत आल्या. "चारशे ग्रॅम उतरलं वजन! ही खायला का जात नाही?"

"मी दिसलो नाही हो तिला. शपथ! फळीमागूनच वावरतो."

बाईंनी फळीच्या फटीतून पाहिले. "मामा, ते काय वाळत घातलंय?"

"बाहुली. वास मारत होती."

"आणि ही पोरगी कुणाकडे बघतेय?"

मामाने कपाळावर हात मारून घेतला. "माझीच अक्कल गेली चरायला!"

"अशीच बसून राहिली ना, तर मला हिला सोडता यायचं नाही. इथंच म्हातारी होईल ती."

तेव्हा मला पहिल्यांदा तिचे वजन ऐकू आले. पाच दिवस ती माझ्यासमोर वाळत होती, आणि मी खूश होते.

मला खणात टाकले. पुढचे मामाच्या तोंडून ऐकले. म्हातारीने पहिल्या दिवशी तिला टोचून हाकलले. मी म्हटले, बरे झाले, आता माझी आठवण काढेल. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा घुसली. तिसऱ्या दिवशी म्हातारीच्या चोचीतले आतडे ओढून पळाली आणि मामा फळीमागे नाचला.

थंडीआधी तिला डोंगरात सोडले. मला कोणी नेले नाही. तिच्या पाठीवर बांधलेल्या छोट्या यंत्रावरून ती कुठे आहे हे इथे कळते. महिनाभराने बाई म्हणाल्या, "रानातल्या कळपाबरोबर उडतेय."

"इकडं फिरकली नाही?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही, मामा."

मामाने डोळे पुसले आणि पेढा मिळाल्यासारखा हसला. मला ते हसू आले नाही.

मित्रांनो, तुम्ही पिंजऱ्यापुढे टाळ्या वाजवता, शिट्ट्या मारता, वेफर्स फेकता. कशासाठी? त्या जनावराने तुमच्याकडे बघावे म्हणून. मीही तेच केले, फक्त दोरीवर लटकून, आणि तेवढ्याने एक पिल्लू कायमचे अडकणार होते. तेव्हा गप्प उभे राहा. ते तुमच्याकडे पाठ करून आपल्या माणसांत गेले, तर जाऊ द्या. फार झोंबते, मला माहीत आहे.

आणि मोठ्या पिंजऱ्याकडे गेलात, तर म्हातारीला माझा नमस्कार सांगू नका. आमचे अजून पटत नाही.