उतार तोडलेलं देऊळ

मी देवळाचा एक जुना लाकडी नमुना आहे. उंचीला हातभर, रुंदीला दोन वीत. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा राग अजून गेलेला नाही. लाकडाला कसला आलाय राग, असं म्हणाल. आधी ऐका, मग बोला.

मला सुतारकाकांनी घडवलं. ते आणि काकू म्हातारपणी परदेशात लेकीकडे राहायला आले होते. काकांचे गुडघे कामातून गेले होते, पण हात शाबूत होते. काकू चाकाच्या खुर्चीत होत्या. तिथे आपल्या माणसांचं एक भजनमंडळ होतं. कपडे धुण्याच्या दुकानावरचा हॉल त्यांना रविवारी सकाळी मिळायचा. वर जायला बावीस पायऱ्या. काकू खालीच थांबायच्या, धुलाईयंत्रांच्या घरघरीत, छतातून झिरपणारं कीर्तन ऐकत. बारा वाजले की नाचाच्या वर्गाची मंडळी दारात हजर. मग राधाकृष्णाच्या मूर्ती टॉवेलात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवायच्या आणि कुलूप लावायचं.

"आपण गादीवर लोळायचं आणि देवाला कपाटात कोंबायचं," काका चिडून म्हणायचे. "काही वाटतं का आपल्याला?"

शेवटी मंडळाला एका बंद गोदामाची जागा मिळाली. पण आजूबाजूच्या रहिवाशांनी संमतीच्या सह्या दिल्याशिवाय नगरपालिका परवानगी देणार नव्हती. देऊळ म्हणजे काय, हे त्या लोकांना दाखवायला हवं होतं. म्हणून काकांनी जुन्या दाराच्या फळीतून मला कोरलं. कळस, मंडप, स्वयंपाकघर, सगळं केलं. सर्वांत जास्त वेळ त्यांनी पुढच्या उतारावर घालवला. काकूंच्या खुर्चीची चाकं मोजून त्याच प्रमाणात तो उतार बसवला. थेट मुख्य दारापर्यंत.

त्यांची लेक रुग्णालयात नर्स होती. कामाची पाळी संपली की ती मला बाजाराच्या ढकलगाडीत बसवून दारोदार न्यायची. लोक बाळ समजून गाडीत डोकवायचे आणि मला पाहून दचकायचे. काही दारं तोंडावर आपटली. एकाने तर विचारलं, "तुमच्या देशात जागा संपली का?" ती गाडी वळवून पुढच्या दाराशी गेली.

कोपऱ्यावरच्या घरात एक निवृत्त बसचालक राहायचा. त्याने चष्मा लावून मला चहूबाजूंनी पाहिलं.

"हे काय?" त्याने उतारावर बोट ठेवलं.

"चाकाची खुर्ची समोरून आत जावी म्हणून."

"माझी आई खुर्चीत असते. तिला चालेल यायला? आम्ही तुमच्या धर्माचे नाही."

"कोणीही या. जेवूनच जा."

त्याने सही केली. एवढंच नाही, कागद घेऊन स्वतः सगळी गल्ली फिरला. महिन्याभरात सह्या पुऱ्या झाल्या.

आता माझ्या रागाचं कारण ऐका. सह्या झाल्या, पण बांधायला पैशाचं बळ हवं होतं. मंडळाचे अध्यक्ष एका बड्या असामीला घेऊन आले. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत. साहेबांनी माझ्यावर पेन आपटलं.

"हा गोठा वाटतोय. समोर संगमरवरी पायऱ्या हव्यात. वर आमच्या वडिलांचं नाव, लांबून दिसेल असं. आणि ही घसरगुंडी काढा."

"पण साहेब, खुर्चीवाले?" कोणीतरी चाचरत विचारलं.

"मागे माल उतरवायचं दार आहे ना? येतील तिकडून."

सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. काकांना विचारलंसुद्धा नाही! अध्यक्षांनी स्क्रूड्रायव्हर खुपसून माझा उतार उखडला, पांढऱ्या प्लास्टिकच्या पायऱ्या चिकटवल्या. देवाच्या कामाला निघालेली माणसं ही!

नगरपालिकेच्या सुनावणीत मला टेबलावर ठेवलं. मला पाहताच बसचालक उठला.

"मी सही केली ते देऊळ हे नाही."

"किरकोळ बदल आहे," अध्यक्ष हसत म्हणाले.

त्याची आई शेजारीच खुर्चीत होती. तिने शांतपणे विचारलं, "मग मी कुठून येऊ?"

"मागे दार आहे," साहेब म्हणाले.

"तिथून सामान येतं," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने कागद मिटले. संमती एका आराखड्याला घेतली आणि बांधणार दुसराच, हे चालणार नाही. सह्या नव्याने आणा, असं सांगितलं. बाहेर आल्यावर साहेब बोलले काय, तर "सुताराने नमुनाच चुकीचा केला होता." आणि कोणी ब्र काढला नाही. काका मान खाली घालून उभे होते.

तेव्हा काकू बोलल्या. "देवाच्या घरी मला पोत्यांच्या वाटेने नेणार होतात, आणि वर ह्यांच्या हातांना नावं ठेवता? तुमचा आधार तुमच्यापाशीच ठेवा."

साहेब गेले, त्यांच्यामागे अध्यक्ष आणि अर्धं मंडळ गेलं. उरलेल्यांना घेऊन लेकीने पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात केली. या वेळी बसचालक ढकलगाडी ढकलत होता. प्रत्येक दाराशी ती आधी माफी मागायची, मग कागद पुढे करायची. सह्या आणि पै-पै जमवायला दोन वर्षं लागली. देऊळ उभं राहिलं, ठेंगणं आणि साधं, पण उतार समोरच. पहिल्या दिवशी सर्वांत आधी काकू आणि बसचालकाची आई शेजारी शेजारी आत गेल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी बोलत मात्र दिवसभर होत्या.

काकांनी माझ्यावरच्या प्लास्टिकच्या पायऱ्या काढल्या, पण उतार पुन्हा बसवला नाही. "राहू दे तसंच," म्हणाले. "कुठे तोडलं ते दिसू दे."

आज काका नाहीत. देऊळ बांधून झाल्यावर अध्यक्ष परत आले, हार घालून मिरवले. मी कार्यालयातल्या फळीवर आहे. पाहुणे आले की कोणीतरी माझी तुटकी बाजू भिंतीकडे करतं आणि म्हणतं, "सगळ्यांनी एकदिलाने काम केलं हो!" खोटं आहे ते! लेक येते, मला पुन्हा वळवते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर पुसा. पण त्यांच्यावर झालेला घाव झाकू नका. आणि कधी माझ्यासमोर आलात, तर मला भिंतीकडे वळवू नका. तुटलेल्या जागेवर बोट ठेवा आणि विचारा, हे कोणी केलं?